बिशपच्या खोक्यांत काय सापडतं? : एपिस्कोपल बिशपांच्या कागदपत्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोधनिबंध लिहिणारी मुलं, अमेरिकेत स्थायिक झालेले हौशी अभ्यासक आणि आजोबांच्या ट्रंकेत मिशनचे कागद सापडलेली मंडळी, या तिघांकडून मला साधारण तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण मुख्यतः एकाच माणसाचं घेतलं आहे : कॅलिफोर्नियाचे बिशप जेम्स पाइक. का, ते प्रश्न ३ मध्ये येईल.

१. एपिस्कोपल चर्च म्हणजे कॅथलिक की प्रोटेस्टंट?

इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची अमेरिकन शाखा. स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाला चर्चचा प्रमुख मानणं अमेरिकेत शक्यच नव्हतं, म्हणून १७८९ मध्ये या मंडळींनी आपली वेगळी घडी बसवली. उपासना पाहिली तर कॅथलिकांची आठवण येते, पण पोप नाही आणि धर्मगुरूंना लग्नाची मुभा आहे. ‘एपिस्कोपल’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की कारभार बिशपांच्या हाती. तो शब्द इतर चर्चच्या नावांतही येतो आणि त्यातून मोठे घोटाळे होतात; त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

२. एका बिशपच्या कागदपत्रांत असतं तरी काय? प्रवचनंच ना?

प्रवचनं असतात, पण सगळ्यात जाड गठ्ठा पत्रांचा असतो. आलेली पत्रं मूळ स्वरूपात आणि पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन कॉप्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ कागदावर. शिवाय डायऱ्या, भेटीगाठींच्या वह्या, भाषणांची टिपणं, वृत्तपत्रांची कात्रणं, समित्यांची इतिवृत्तं, विमानाची तिकिटं, फोटो, ध्वनिफिती. बिशप सामाजिक कामात असेल तर त्यात निनावी शिव्यांची पत्रंही भरपूर निघतात. शहाणे सेक्रेटरी ती फेकत नाहीत, वेगळी फाइल करून ठेवतात. अभ्यासकाला अशी फाइल मिळाली तर ती शंभर सत्कारपत्रांपेक्षा मोलाची.

३. उदाहरण म्हणून जेम्स पाइकच का?

कारण एकाच आयुष्यात इतक्या प्रकारचे कागद तयार करणारा दुसरा बिशप सहज आठवत नाही.

१९१३ मध्ये ओक्लाहोमा सिटीत जन्म, वाढ कॅलिफोर्नियात आणि कॅथलिक वळणात. मग वकील, वॉशिंग्टनमध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगात नोकरी, महायुद्धात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात. त्यानंतर एपिस्कोपल चर्चमध्ये दीक्षा. १९४९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात चॅपलिन (विद्यापीठाचे धर्मगुरू) आणि धर्म विभागाचे प्रमुख, १९५२ ते १९५८ न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलचे डीन, म्हणजे तिथले प्रमुख धर्मगुरू, आणि १९५८ पासून सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्नियाचे बिशप. डीन असताना त्यांचा स्वतःचा टीव्ही कार्यक्रम होता. धर्मगुरू टीव्हीवर असणं आज नवलाचं नाही, त्या काळी होतं.

सामाजिक कामाची यादी लांब आहे. मॅकार्थीच्या ‘कम्युनिस्ट शोधा’ मोहिमेवर त्यांनी कॅथेड्रलच्या व्यासपीठावरून टीका केली. १९५३ मध्ये टेनेसीतल्या सेवानी इथल्या चर्चच्याच विद्यापीठाने मानद डॉक्टरेट देऊ केली, तेव्हा तिथल्या धर्मशास्त्र विद्यालयात काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. ‘गोऱ्या धर्मशास्त्राची’ पदवी मला नको, असं म्हणून पाइक यांनी ती नाकारली. त्याच वर्षी जूनमध्ये विश्वस्तांनी प्रवेशबंदी उठवली. अर्थात त्याआधी तिथल्या प्राध्यापकांनी राजीनामे देऊन रान उठवलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय पाइकांच्या पदरात टाकू नका. १९६५ मध्ये ते सेल्माच्या नागरी हक्क आंदोलनात होते, आणि त्याच मार्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमध्ये प्रवचनाला आले. फिलिस एडवर्ड्स या बाईंना पुरुषांच्या बरोबरीने डीकन (धर्मगुरूच्या खालची पायरी) म्हणून मान्यता देण्याचं पाऊलही त्याच वर्षीचं. बायकांना धर्मगुरू होता येईल हे चर्चने मान्य करायला अजून अकरा वर्षं होती.

त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), येशूचा कुमारी मातेपोटी जन्म अशा सिद्धान्तांवर त्यांनी जाहीर शंका घेतल्या, म्हणून पाखंडाचे आरोप झाले. फेब्रुवारी १९६६ मध्ये मोठ्या मुलाने आत्महत्या केली. ऑक्टोबरात सहबिशपांनी निषेधाचा ठराव केला. त्याआधीच बिशपपद सोडून ते सांता बार्बाराच्या एका वैचारिक संस्थेत गेले होते. १९६९ मध्ये त्यांनी चर्चच सोडलं, आणि सप्टेंबर १९६९ मध्ये पत्नीसोबत ज्यूडियाच्या वाळवंटात गेले असता वाट चुकून ते वारले. सोबत वाटाड्या नव्हता आणि पाणी म्हणून कोका-कोलाच्या दोन बाटल्या होत्या. पत्नी कित्येक तास चालून मदतीपर्यंत पोचली. पाइक यांना जाफाला पुरलं आहे.

४. त्यांची कागदपत्रं कुठे आहेत? सगळी एका जागी मिळतील का?

मुख्य संग्रह न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात आहे, बर्ड लायब्ररीच्या स्पेशल कलेक्शन्स विभागात. सॅन फ्रान्सिस्कोचा बिशप आणि कागद बर्फाच्या गावात, असं लोकांना वाटतं खरं. पण मोठी माणसं आपले कागद चर्चला देतात असं गृहीत धरू नका. जे विद्यापीठ चिकाटीने मागतं त्याच्याकडे ते जातात.

सगळी एका जागी? नाही, आणि कुणाचीच नसतात. पाइक यांचं कॅथेड्रलमधलं काम न्यूयॉर्कच्या कागदांत, बिशप म्हणून केलेला कारभार कॅलिफोर्निया धर्मप्रांताच्या दप्तरात, बिशपांच्या सभेची कारवाई टेक्सासमधल्या ऑस्टिनला एपिस्कोपल चर्चच्या मध्यवर्ती अभिलेखागारात. सांता बार्बाराच्या त्या संस्थेचा संग्रह, ध्वनिफितींसकट, तिथल्याच कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे. सेवानीला लिहिलेलं नकाराचं पत्र जिथे पोचलं ते सेवानीच. सिरॅक्यूजमध्ये शोधलं तर हाती लागेल ती फार तर त्याची कार्बन कॉपी. त्या पत्रावर विश्वस्त आपसांत काय बोलले, हे तर पाइकांच्या खोक्यांत कधीच सापडणार नाही.

पाहुण्याकडच्या लग्नाच्या अल्बममध्ये आपला चांगला फोटो निघावा, तसं हे आहे. अर्धं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खोक्यात असतं.

५. बिशप चर्चचा नोकर ना? मग त्याचे कागद चर्चच्या मालकीचे नाहीत का?

काही आहेत, काही नाहीत. धर्मप्रांताच्या कार्यालयात पदामुळे तयार झालेलं दप्तर, म्हणजे नेमणुका, मालमत्ता, दीक्षाविधींच्या नोंदवह्या, धर्मगुरूंवरच्या तक्रारी, हे धर्मप्रांताचं. बिशप बदलला तरी ते जागचं हलायला नको. स्वतःची पत्रं, पुस्तकांचे खर्डे, भाषणांची टिपणं, घरचा पत्रव्यवहार हे बिशपचं, आणि ते तो कुणालाही देऊ शकतो.

प्रत्यक्षात निवृत्तीच्या दिवशी सेक्रेटरी कपाट रिकामं करते आणि जे हाताला लागेल ते खोक्यात जातं. त्यामुळे विद्यापीठातल्या ‘खासगी’ संग्रहात कार्यालयाच्या फाइली निघतात, आणि कार्यालयात मुलीच्या शाळेचं प्रगतिपुस्तक.

६. यादीत ‘खासगी आणि व्यावसायिक कागदपत्रं’ असं लिहिलेलं असतं. हा फरक कसा करतात?

मन मोठं करून. म्हणजे, फारसा करता येत नाही.

१९६६ चं वर्ष घ्या. फेब्रुवारीत बिशपचा मुलगा गेला. सांत्वनाची पत्रं कुठल्या पत्त्यावर येतील? कार्यालयाच्या. उघडेल कोण? सेक्रेटरी. उत्तरं जातील धर्मप्रांताच्या छापील कागदावर. हे खासगी की कामाचं? त्या सांत्वनपत्रांत एखादा धर्मगुरू शेवटच्या परिच्छेदात आपल्या बदलीचंही विचारून घेतो. तोच माणूस ऑक्टोबरात निषेधाच्या ठरावाबद्दल पुन्हा लिहितो. तारखेप्रमाणे लावलेल्या फाइलमध्ये दुःख, बदली, पाखंड आणि विम्याचा हप्ता एकापाठोपाठ एक येतात. सूची करणाऱ्याने यातली ‘खासगी’ पत्रं उपसून वेगळी केली, तर कालक्रम मोडतो आणि वाचणाऱ्याला कळतच नाही, की हा माणूस त्या आठवड्यात कशाकशाला तोंड देत होता.

म्हणून अभिलेखागारांचा जुना नियम आहे : कागद ज्याने जसे लावले तसेच ठेवा. पुण्याच्या पेशवे दप्तरात ज्यांनी रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडले आहेत त्यांना हे सांगायला नको. रुमालातला कागद ‘विषयवार’ करायला म्हणून उचलला, की त्याचे शेजारी हरवतात, आणि मोडीतल्या बिनतारखेच्या चिठ्ठीची तारीख ठरते ती शेजाऱ्यांवरूनच. गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात दप्तरातून निवडलेले कागद ४५ भागांत छापले, ते काम डोंगराएवढं आहे. पण निवडीत न आलेल्या कागदासाठी आजही रुमालापर्यंत जावंच लागतं.

बिशपांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. न्यूयॉर्कचे बिशप पॉल मूर (पदावर १९७२ ते १९८९) हे ग्वादलकॅनालच्या लढाईत जखमी झालेले मरीन, गरीब वस्त्यांत राहून काम केलेले धर्मगुरू, आणि १९७७ मध्ये समलिंगी असल्याचं उघडपणे सांगणाऱ्या एलेन बॅरेट या बाईंना दीक्षा देणारे बिशप. त्या दीक्षेवरून केवढं वादळ उठलं. २००३ मध्ये ते वारले, आणि २००८ मध्ये त्यांच्या लेखिका मुलीने जाहीर केलं, की वडिलांचेही पुरुषांशी लपवलेले संबंध होते. आता १९७७ च्या त्या दीक्षेसंबंधीची फाइल ‘व्यावसायिक’ म्हणून वाचायची की ‘खासगी’? कागद तोच. वाचणारा मात्र २००८ नंतर वेगळा झाला.

७. संग्रह ‘अमुक लिनिअर फूट’ आहे म्हणजे किती?

खोकी फळीवर उभी लावली तर किती लांबी भरेल, त्याचं ते माप. कागद ठेवण्याचं नेहमीचं करडं खोकं साधारण ५ इंच रुंद असतं, म्हणजे एका फुटात अडीचएक खोकी. एका फुटात अंदाजे दीड-दोन हजार पानं धरा. पन्नास फुटांचा संग्रह ‘एका सुट्टीत बघून टाकतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि सूची हातात द्या.

८. सूचीत ‘सेल्मा’ शोधलं, काहीच आलं नाही. म्हणजे कागद नाहीत?

असं मुळीच नाही. सूची पानापानाची नसते, फोल्डरची असते. फोल्डरवर ‘पत्रव्यवहार, मार्च १९६५’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्यात सेल्माची दहा पत्रं असली तरी शोधात एकही येणार नाही. विषय शोधू नका. तारीख आणि माणूस शोधा. अमुक घटना कधी घडली, त्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन महिने कोणत्या खोक्यात आहेत, ते मागवा.

एक नेहमीची ठेच : अमेरिकन लोक आधी महिना लिहितात. वेगवेगळ्या चर्चच्या एकीकरणाचा प्रस्ताव मांडणारं प्रेस्बिटेरियन नेते युजीन ब्लेक यांचं गाजलेलं प्रवचन पाइकांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅथेड्रलमध्ये ४ डिसेंबर १९६० ला झालं. ती तारीख तिकडच्या टिपणात १२/४/६० अशी पडते. आपण ती १२ एप्रिल वाचतो आणि आठ महिने चुकतो. मी चुकलो आहे.

९. पत्रावर तारीखच नाही. काय करायचं?

आधी मायना बघा. डीनला ‘व्हेरी रेव्हरंड’ म्हणतात, बिशपला ‘राइट रेव्हरंड’. पाइक यांना ‘डीन’ म्हणणारं पत्र बहुधा १९५८ च्या आधीचं. मग कागदाचा माथा : न्यूयॉर्कचं कॅथेड्रल, सॅन फ्रान्सिस्को, की सांता बार्बारा? टंकलिखित पत्राच्या तळाशी डावीकडे आद्याक्षरांच्या दोन जोड्या दिसतील. मोठ्या लिपीतली मजकूर सांगणाऱ्याची, छोट्या लिपीतली टाइप करणाऱ्याची. सेक्रेटरी कोणत्या वर्षांत कामाला होती हे एकदा कळलं, की कितीतरी पत्रं जागेवर बसतात. सहीही बघा : इंग्लंडचे बिशप आडनावाऐवजी गावाचं नाव लावतात. कँटरबरीचे आर्चबिशप ‘कँटुआर’ अशी सही करतात, तेव्हा हा कँटुआर कोण म्हणून निर्देशिका धुंडाळत बसू नका.

आणि तपकिरी-काळे पडलेले कागद दिसले तर ती बहुधा १९५०-६० च्या दशकातली थर्मोफॅक्स प्रत असते. उष्णतेवर निघणारी ही प्रत वर्षागणिक काळवंडत जाते. जे वाचता येतं ते लगेच उतरवून घ्या.

१०. १९६६ च्या निषेधाच्या ठरावाबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणाच्या कागदांवर विश्वास ठेवायचा?

कुणाच्याच एकट्याच्या नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावी बिशपांची सभा झाली आणि १०३ विरुद्ध ३६ मतांनी पाइक यांचा निषेध झाला. एवढं पक्कं, ते अधिकृत कारवाईत आहे. पण ‘का’ हे तीन ठिकाणी वाचावं लागतं. दक्षिण फ्लोरिडाचे बिशप हेन्री लाउटिट यांना पाखंडाचा खटलाच हवा होता. अमेरिकेतल्या चर्चचे प्रमुख बिशप जॉन हाइन्स यांना खटला टाळायचा होता; विसाव्या शतकात पाखंडाचा खटला म्हणजे जगभर हसं. निषेध हा त्यातला मधला मार्ग. आणि पाइक वकील होते : निषेध झालाच आहे तर आता माझी रीतसर चौकशी करा, असं त्यांनी उलट मागितलं. मधल्या मार्गाची मजाच गेली.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९६७ मध्ये, सिअ‍ॅटलच्या महाअधिवेशनात चर्चने नियम बदलून असे खटले भरणं फार अवघड करून टाकलं. त्याच अधिवेशनात हाइन्स यांनी शहरांतल्या गरीब आणि काळ्या वस्त्यांसाठी तीन वर्षांत सुमारे ९० लाख डॉलरचा कार्यक्रम मंजूर करून घेतला. एकाच सभेची ही दोन कामं, पण अभ्यासक ती वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतात, कारण एक ‘पाइक’ विषयात जातं आणि दुसरं ‘वंशभेद’ विषयात. ऑस्टिनच्या दप्तरात मात्र ती एकाच अधिवेशनाच्या कामकाजात आहेत.

११. पाइक मृत मुलाशी बोलत होते म्हणे. त्याचा काही कागदोपत्री पुरावा?

आहे, पण उलट बाजूचा, आणि तो पाइकांच्या कागदांत नाही. प्रश्न ४ चं हे सगळ्यात झणझणीत उदाहरण.

सप्टेंबर १९६७ मध्ये आर्थर फोर्ड नावाच्या माध्यमाने (मृतांचे निरोप आपल्यातून येतात असं सांगणाऱ्या माणसाने) कॅनडातल्या टीव्हीवर पाइक यांच्यासमोर समाधी लावली आणि मुलाचा, तसंच काही दिवंगत परिचितांचा ‘निरोप’ सांगितला. त्यात असे बारीक तपशील होते, की पाइक यांची खात्री पटली. सगळीकडे बातम्या झाल्या. १९७१ मध्ये फोर्ड वारले. त्यांचे कागद त्यांच्या चरित्रकारांच्या हाती आले आणि त्यात मृत्युलेखांची कात्रणं निघाली. ‘परलोकातून’ आलेल्या तपशिलांतले काही त्यांत छापलेले होते! गंमत म्हणजे त्या चरित्रकारांपैकी एक जण तो टीव्ही कार्यक्रम घडवून आणणाराच होता.

पाइक यांची पत्रं कितीही प्रामाणिकपणे वाचली तरी हे कळलं नसतं. त्यांना स्वतःलाच ते माहीत नव्हतं. मुलगा गेलेल्या बापाच्या श्रद्धेची टिंगल करावी असं मला वाटत नाही. फोर्ड यांच्या कात्रणांबद्दल तेवढी दया येत नाही.

१२. सामान्य लोकांनी बिशपला लिहिलेली दुःखाची, कबुलीची पत्रं वाचायला मिळतात का?

काही मिळतात, काही बंद असतात. देणगी देताना घराण्याने किंवा चर्चने ‘अमुक वर्षांपर्यंत उघडू नये’ अशी अट घातलेली असू शकते. धर्मगुरूंवरच्या तक्रारी, वैद्यकीय माहिती, विद्यार्थ्यांचे गुण, लहान मुलांसंबंधीचे कागद बहुधा झाकलेले असतात. संस्कार म्हणून केलेली पापकबुली तर कागदावर यायलाच नको. या चर्चमध्ये धर्मगुरूने ती कुणालाही सांगायची नसते.

उघडं असलं म्हणून छापावं असंही नाही. १९६४ मध्ये नवऱ्याच्या दारूबद्दल बिशपला लिहिणाऱ्या बाईची नातवंडं आज तुमचा प्रबंध वाचू शकतात. नाव गाळा, गाव गाळा. तुमच्या मुद्द्याचं काही बिघडत नाही.

१३. आमच्या नगरच्या अमेरिकन मिशनचे कागदही एपिस्कोपल चर्चकडे असतील ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

नगरचं अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे ‘ज्ञानोदय’वाल्यांचं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं, हे काँग्रिगेशनल परंपरेचं. त्यांच्यात बिशपच नसतो. त्यांची मूळ संस्था बोस्टनचा अमेरिकन बोर्ड. तिची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत.

मेथडिस्टांच्या नावात पूर्वी ‘एपिस्कोपल’ असे. ‘मेथडिस्ट एपिस्कोपल’चे बिशप थोबर्न हे आपल्या विषयातले एपिस्कोपल बिशप नव्हेत. मेथडिस्टांचं अभिलेखागार न्यू जर्सीतल्या मॅडिसनला, ड्र्यू विद्यापीठात.

तुमच्या घराण्याचा बाप्तिस्मा एस. पी. जी. (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) मिशनचा असेल, तर ते इंग्लंडचे अँग्लिकन. त्या संस्थेचे कागद ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात मिळतात, पण त्यात भरणा युरोपियनांचा. देशी ख्रिस्ती कुटुंबांनी आधी आपल्याच चर्चची नोंदवही बघावी. आणि १९७० नंतरचं काही हवं असेल तर लक्षात ठेवा : त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि अँग्लिकन, काँग्रिगेशनल वगैरे कितीतरी दप्तरांचं पालकत्व बदललं. ब्लेक आणि पाइक अमेरिकेत ज्या एकीकरणाचा प्रस्ताव मांडत होते, ते तिकडे त्या रूपात झालं नाही. इकडे झालं.

१४. मग एखाद्या एपिस्कोपल बिशपचा महाराष्ट्राशी खरा संबंध आहे का?

आहे. फिलिप्स ब्रूक्स. बोस्टनच्या ट्रिनिटी चर्चचे नामांकित वक्ते, पुढे १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे बिशप, आणि १८९३ च्या जानेवारीत निधन. १८८२-८३ च्या हिवाळ्यात ते हिंदुस्थानात येऊन गेले, मुंबईही पाहिली. पण खरा धागा पंडिता रमाबाईंचा. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या, मग अमेरिकाभर फिरून बोलल्या, आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा पुरवायचा असं ठरलं. तिच्या उपाध्यक्षांत ब्रूक्स होते. त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं.

ब्रूक्स यांचे कागद कुठे? त्याच हॉटन लायब्ररीत, जिथे नगरच्या मिशनचे कागद आहेत. एका खेपेत दोन्ही बघता येतील. पण रमाबाईंची बाजू तिथे मिळेल अशी आशा धरू नका. त्यासाठी असोसिएशनचे छापील वार्षिक अहवाल आहेत, आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेला त्यांचा पत्रव्यवहार. रमाबाईंनी मुलग्यांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातल्या अँग्लिकन बिशपांनी घेतलेल्या हरकती त्यात वाचा. रमाबाईंची उत्तरं त्याहून आधी वाचा.

१५. समाजकार्यात असलेले आणखी कुठले बिशप अभ्यासाला घेता येतील?

पॉल जोन्स : युटाचे बिशप, पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून १९१८ मध्ये पद सोडावं लागलं. जॉन हाइन्स : प्रश्न १० मधले, १९७१ मध्ये जनरल मोटर्सच्या भागधारकांच्या सभेत उभे राहून, दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडा, असं त्यांनी चर्चच्या शेअर्सच्या जोरावर सांगितलं. रॉबर्ट डेविट, डॅनियल कॉरिगन, एडवर्ड वेल्स : २९ जुलै १९७४ ला फिलाडेल्फियात परवानगी नसताना ११ स्त्रियांना धर्मगुरू म्हणून दीक्षा देणारे. बार्बरा हॅरिस : १९८९ मध्ये बोस्टनला बिशप झालेल्या, साऱ्या अँग्लिकन जगातल्या पहिल्या स्त्री बिशप, आणि त्याही काळ्या. पहिल्यांदाच अभ्यास करत असाल तर हाइन्स घ्या. कागद बरेचसे ऑस्टिनला एका छपराखाली आहेत.

१६. मी पुण्यात आहे. जायचं कसं? न जाता होईल का?

थोडं होईल. सूच्या ऑनलाइन असतात, त्या आधी पूर्ण वाचा. मग ईमेल करा, पण ‘पाइक यांच्याबद्दल सगळं पाठवा’ असं नव्हे. खोका क्रमांक, फोल्डर क्रमांक, तारखा लिहा. काही पानं स्कॅन करून मिळतात, बहुधा पैसे पडतात. वंशभेदविरोधी लढ्यासाठी ऑस्टिनच्या अभिलेखागाराचं ‘द चर्च अवेकन्स’ हे ऑनलाइन प्रदर्शन बसल्या जागी बघता येतं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर आधी कळवून जा; खोकी बऱ्याचदा दुसऱ्या इमारतीत असतात. पेन चालत नाही, पेन्सिल न्या. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा. फ्लॅश बंद ठेवून फोनने फोटो काढू देतात. प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो त्याच्या लेबलचा घ्या, नाहीतर घरी आल्यावर तीनशे अनाथ पानं हातात राहतात.

१७. पत्राचं मराठी भाषांतर छापायचं आहे. परवानगी कुणाची? लायब्ररीची का?

लायब्ररीकडे कागद असतो, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. पाइक यांनी लिहिलेल्या पत्राचा हक्क त्यांच्या वारसांचा. किंग यांनी पाइक यांना लिहिलेल्या पत्राचा हक्क किंग यांच्या वारसांचा, आणि ते याबाबत फार काटेकोर आहेत. भाषांतरालाही परवानगी लागते.

अमेरिकेत अप्रकाशित लिखाणाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. पाइक १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांची अप्रकाशित पत्रं १ जानेवारी २०४० ला खुली होतील. अपवाद असा, की १९७८ ते २००२ या काळात एखादं पत्र प्रथमच छापलं गेलं असेल, तर त्याचा हक्क २०४७ च्या अखेरपर्यंत चालतो. भारतात सर्वसाधारण मुदत ६० वर्षांची, पण लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लिखाणाची मुदत छापल्यापासून मोजतात. प्रबंधात चार ओळी उद्धृत करायला सहसा अडचण येत नाही. संग्रह, खोका, फोल्डर मात्र नोंदवा.

१८. आजोबा पाळक होते. घरात त्यांच्या वह्या आणि पत्रांची ट्रंक आहे. काय करू?

पहिलं म्हणजे, नीट लावायला बसू नका. कारण प्रश्न ६ मध्ये आहे. जसं आहे तसे आधी फोटो काढा. रबर बँड आणि गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. ट्रंक माळ्यावरून खाली आणा, पण फरशीवर ठेवू नका; पावसाळ्यात ओल आणि वाळवी दोन्ही खालून येतात. द्यायची असेल तर ज्यांना द्याल त्यांच्याकडून लेखी पोच घ्या, आणि काय बंद ठेवायचं ते त्यातच लिहून घ्या.

आजोबांनी ज्यांना पत्रं लिहिली त्यांच्या घरी विचारा. तुमच्याकडे आहेत ती त्यांना आलेली उत्तरं. त्यांची स्वतःची अक्षरं त्या घरांत असतील.

फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला उमटतं. मऊ पेन्सिलीने हलकेच नाव आणि गाव लिहा. आणि दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे आजी आहे तोवर विचारून घ्या.